मी उठे, तो उठे

आपल्या रीतिभूतकाळात ‘मी उठे’ आणि ‘तो उठे’ या दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच असते. भेद कर्त्यावरून कळतो. स्पॅनिशच्या अपूर्ण भूतकाळातही ‘लेवान्ताबा’ हे रूप ‘मी’ला चालते, तसेच ‘तो’ आणि ‘ती’लाही. परंतु स्पॅनिश माणूस कर्ता बहुधा उच्चारीतच नाही. मग उठणारा ओळखावा कसा?

‘लेवान्तार’ म्हणजे उचलणे. ‘लेवान्तार्से’ म्हणजे स्वतःला उचलणे, अर्थात उठणे. हे शेवटचे ‘से’ क्रियापद चालविताना पुढे येते आणि कर्त्याप्रमाणे बदलते. ‘मे लेवान्ताबा’ म्हणजे मी उठत असे. ‘से लेवान्ताबा’ म्हणजे तो किंवा ती उठत असे. क्रिया कर्त्याकडे वळविणारे हे इवलेसे सर्वनाम कर्त्याची ओळखही पटवून देते.

‘से लेवान्तो’ मात्र एका वेळचे उठणे. भाषांतरकाराने हा भेद विसरून ‘आजी पहाटे उठे’ याऐवजी ‘आजी पहाटे उठली’ असे लिहिले, तर आयुष्यभराचा परिपाठ एका सकाळीपुरता उरतो. बोलण्यात आपण आता ‘उठायची’ म्हणतो. पण अशा वाक्यासाठी जुने ‘उठे’ अजूनही हाताशी असावे.