जबाबदारी मुकादमावर ढकलता येणार नाही

(दिल्लीतील मराठी साथींच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)

कॉम्रेड्स,

बँका व उद्योगसंस्था यांनी आपल्या व्यवहारात मानवी हक्क कसे जपावेत, हा आजचा विषय आहे. तो परदेशी परिषदांतून आलेला वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाचा निवाडा याच दिल्लीत १९८२ साली झालेला आहे.

त्या वर्षी नोव्हेंबरात येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरणार होत्या. त्यासाठी स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेले आणि क्रीडाग्राम उभारण्याचे काम चालू होते. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून जमादारांनी मजूर आणले होते. जमादार म्हणजे आपल्याकडचा मुकादम. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. कंत्राटदार ते जमादाराच्या हाती देत आणि जमादार दर मजुरामागे रोज १ रुपया कापून घेई. स्त्रियांच्या हाती अवघे ७ रुपये पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने चौकशी करवून ही हकीकत सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली.

हे मजूर कंत्राटदारांचे आहेत, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, असा सरकारपक्षाचा बचाव होता. न्या. भगवती आणि न्या. बहारुल इस्लाम यांनी १८ सप्टेंबर १९८२ रोजी तो फेटाळला. काम ज्याचे, त्याला कंत्राटदाराकडे बोट दाखवून सुटता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे ही राज्यघटनेच्या २३व्या कलमाखाली सक्तीची मजुरीच होय, आणि ही मनाई खाजगी मालकालाही लागू आहे, असेही त्यांनी म्हटले.

भाषांतर करताना मी या ‘सक्ती’पाशी बराच वेळ थांबलो होतो. चाबूक नाही, साखळदंड नाही, मग सक्ती कोणाची? न्यायालयाचे उत्तर स्पष्ट आहे: भुकेची. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही, त्याने दिलेली संमती ही संमती नव्हे. आपल्या भाषेत यासाठी ‘वेठबिगार’ हा शब्द पूर्वापार आहे.

पुढे १६ जून २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. आपल्या कारखान्याच्या भिंतीआड काय घडते एवढेच पाहून भागत नाही. ज्यांच्याशी व्यवहार करता त्यांच्याकडून होणाऱ्या हानीकडेही पाहावे लागते, असे ती सांगतात. मात्र ही तत्त्वे कायद्याने बंधनकारक नाहीत.

आता बँकांकडे वळू. महाराष्ट्रातील साखर कारखान्याला मालतारण कर्ज देताना बँक गोदामातील पोती मोजते. पण तो ऊस तोडणारे नवराबायको उचल घेऊन मुकादमाशी बांधलेले असतात आणि दोघे मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजले जातात. ही मोजणी बँकेच्या कोणत्या वहीत येते? पोत्याचा हिशेब ठेवता येतो, तर मजुरीचाही ठेवता येईल. कर्जाच्या करारात किमान वेतन, हजेरीपट, बायकांची स्वतंत्र मजुरी आणि थेट त्यांच्या खात्यात भरणा या अटी घालाव्यात. त्या मोडल्यास पुढचा हप्ता रोखावा. कर्जवसुलीसाठी गुंड धाडण्याच्या प्रथेवरही २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले होते. म्हणजे तेथेही बँकेला ‘तो आमचा माणूस नव्हे’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

शेअरबाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदार व्यवसायाचा अहवाल सक्तीचा झाला आहे. असे अहवाल गुळगुळीत कागदावर छापले जातात. त्यांतील दावे कामाच्या जागेवरील हजेरीपटाशी ताडून पाहणे हे काम कोणतीही कंपनी आपण होऊन करणार नाही. ते युनियनने करावयाचे आहे. आपल्यापैकी जे बँक-कर्मचारी आहेत, त्यांच्या हाती कर्जाची कागदपत्रे येतात. जे बांधकाम मजुरांत काम करतात, त्यांना प्रत्यक्ष मजुरी ठाऊक असते. या दोन्ही साथींनी एकत्र बसावे, एवढे आवाहन करून मी थांबतो.