चाळीच्या जागी मनोरे



मुंबईत मोकळी जमीन फारशी उरली नाही. म्हणून शहर आता आपल्या चाळींच्या जागेवर उंच वाढत आहे. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील १९५ बी. डी. डी. चाळी १९२०च्या दशकातील. १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खा संसार! म्हाडाच्या योजनेत रहिवाशास ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळते. खर्च उरलेल्या जागेवरील विक्रीच्या इमारतींतून निघावयाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. ही मेहेरबानी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या हे शहर झाडणाऱ्यांचा, गिरण्या चालविणाऱ्यांचा तो हक्क आहे. परंतु लिफ्टचा व देखभालीचा मासिक खर्च सफाई कामगाराच्या विधवेने कोठून भरावा? तो न पेलला तर घर विकून तिला बदलापूर गाठावे लागेल. तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी देखभाल निधीचा आकडा लेखी मागून घ्या.