रिपोर्टवर ओळीने 'आर' आले तर

आजचा विषय आयसीयूतला न्यूमोनिया. मी डॉक्टर नाही, वरणगावचा सॉफ्टवेअरवाला. पण घरातला माणूस ॲडमिट झाला की रिपोर्ट वाचायला आपल्याच हातात येतात.

पेशंट ॲडमिट होऊन ४८ तास उलटल्यावर नव्याने न्यूमोनिया झाला, तर तो हॉस्पिटलमधला धरतात. व्हेंटिलेटरवर धोका जास्त, कारण नळीमुळे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. आणि हे जंतू घरच्या सर्दी-खोकल्यातले नसतात.

माझ्या मामांना ॲडमिट केलं अपघातामुळे. सहाव्या दिवशी कल्चरमध्ये नाव आलं, ॲसिनेटोबॅक्टर. पुढे औषधांची यादी आणि ओळीने 'आर', म्हणजे रेझिस्टंट. मेरोपेनेमलाही 'आर'. उरलं कोलिस्टिन, जे किडनीला जड जातं. मामा वाचले, पण महिनाभर आयसीयूत काढून.

वाटलं, आपलंच नशीब फुटकं. तसं नाही. आयसीएमआरच्या अलीकडच्या अहवालांत या जंतूचे ८५ टक्क्यांहून जास्त नमुने मेरोपेनेमला दाद देत नाहीत.

दुसरा जंतू क्लेबसिएला. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१० मध्येच लिहून ठेवलंय: त्याच्या कुळातले, मेरोपेनेमच्या गटाला न जुमानणारे २४ नमुने तपासले, २२ मध्ये एनडीएम-१ नावाचा जीन सापडला. हा जीन डीएनएच्या छोट्या कड्यावर बसतो आणि ते कडं एक जंतू दुसऱ्याला देतो, जात वेगळी असली तरी. आमच्या भाषेत कॉपी-पेस्ट, रिव्ह्यू न करता!

ॲसिनेटोबॅक्टर तर कोरड्या जागेवरही कित्येक दिवस टिकतो. पलंगाचा दांडा, मॉनिटरची बटणं, आणि हो, तुमचा मोबाइल. आत जाताना तो खिशातच राहू द्या. पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर सॅनिटायझर लावा. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवायची का, तोंडाची स्वच्छता कधी होते, हे सिस्टरना नीट विचारा. भांडू नका, त्यांच्या अंगावर आधीच खूप पेशंट असतात.

आपल्याकडे पेशंट भुसावळहून जळगाव, तिथून नाशिक किंवा मुंबईला हलवतात. जंतूही सोबत जातो. म्हणून ॲम्ब्युलन्स निघायच्या आधी कल्चर रिपोर्टचा फोटो काढा, चालू ॲंटिबायोटिक कधीपासून आहे ते लिहून घ्या, आणि पुढच्या हॉस्पिटलला फोनवरच सांगा, म्हणजे बेड वेगळा ठेवता येतो.