दात, दाम आणि लोकलज्जा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



विद्या, विवाह आणि वसतिगृह या तीन विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची आपल्या संमेलनास सवय आहे. अशा प्रसंगी एका दंतवैद्याने उभे राहून पडलेल्या दातांची कथा सांगावी, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु तीस वर्षे लोकांच्या मुखात डोकावल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, गेलेल्या दाताच्या जागी काय बसावयाचे हे दंतवैद्य ठरवीत नाही. माणसाची मिळकत, त्याचे घरातील स्थान आणि चार लोकांची नजर ही तिन्ही मिळून ते ठरवितात.

घरचेच उदाहरण सांगतो. माझ्या आत्याबाईंचे पुढचे दात पन्नाशीच्या आत गेले. त्या पिढीतील अनेक स्त्रियांप्रमाणे त्यांना मिशरीची सवय होती. त्यांच्या यजमानांचेही दात तेव्हाच गेले. थोरल्या मुलाचे लग्न ठरताच यजमानांची कवळी तयार झाली, कारण व्याहीमंडळींत बसावयाचे होते. आत्याबाईंचा विषय निघाला तेव्हा त्याच म्हणाल्या, "मला कुठं सभेत बोलायचंय? पदर आहे की तोंडावर धरायला." त्यानंतर पंधरा वर्षे त्या पंक्तीस बसल्या नाहीत. सर्वांची जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघरात एकट्याच वरणात कालवलेला मऊ भात जेवत. भाकरी सुटली, भुईमुगाच्या शेंगा सुटल्या, शेवटी मोकळे हसणेही सुटले. घरात पैसा नव्हता असे नाही. तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. आणि मी, त्यांचा दंतवैद्यकी शिकणारा भाचा, त्यांना एकदाही "तोंड उघडा पाहू" असे म्हणालो नाही.

हा दोष केवळ आपल्याकडचाच आहे असे समजू नये. ब्रिटनमध्ये सन १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली व कवळ्या विनामूल्य मिळू लागल्या. मागणीचा असा लोंढा आला की, सन १९५१ मध्ये सरकारला त्यांवर आकार बसवावा लागला. दात आणि चष्मे यांवरील या आकाराच्या प्रश्नावरून अन्यूरिन बेवन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या देशात काही ठिकाणी, पुढचा खर्च नको म्हणून, लग्नापूर्वीच मुलीचे सगळे दात काढून कवळी बसविण्याची चाल होती! सन १९६८ च्या पाहणीत इंग्लंड व वेल्समधील ३७ टक्के प्रौढांच्या मुखात एकही नैसर्गिक दात नव्हता. सन २००९ मध्ये इंग्लंडात हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. फ्लोराइडयुक्त दंतमंजन आले, वेळीच उपचार होऊ लागले, आणि मुख्य म्हणजे दात राखता येतात, अशी लोकांची खात्री पटली.

आज आपल्यापुढे तीन मार्ग आहेत : काढता-घालता येणारी कवळी, शेजारचे दात घासून त्यांवर बसविलेला पूल, आणि जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा खिळा रुजवून केलेले दंतरोपण. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी सन १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर असे रोपण केले. बहुधा याच क्रमाने खर्च चढत जातो. पण दाम म्हणजे केवळ दंतवैद्याचे बिल नव्हे. पूर्ण कवळीसाठी चार-पाच खेपा घालाव्या लागतात, आणि रोजावर काम करणाऱ्याचा प्रत्येक खेपेला एक दिवसाचा रोज बुडतो. म्हणून तो पदपथावरच्या कारागिराकडे एका बैठकीत दात चिकटवून घेतो, आणि खालची हिरडी सडून चांगले दातही गमावतो. सुस्थितीतला मनुष्य "पुढे पाहू" म्हणतो. तोवर शेजारचे दात कलतात, हाड झिजते आणि खर्च वाढतो. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण दैवावर ढकलतो. पुष्कळदा तो आपल्याच दिरंगाईचा हिशेब असतो.

आता मंडळापुढे माझी विनंती. वैद्यकीय साहाय्य निधीतून शस्त्रक्रियेस मदत मिळते, कवळीस मिळत नाही. ती चैन समजली जाते. घास चावता येणे ही चैन नव्हे. निधीचा काही भाग यासाठी राखावा, आणि त्यात वडीलधाऱ्या स्त्रियांचा अर्ज प्रथम घ्यावा. त्या स्वतः अर्ज करणार नाहीत. तो सुनांनी आणि मुलांनी करावा. शासकीय व पालिकेच्या दंतमहाविद्यालयांत खर्च बराच कमी येतो, पण तेथे हात धरून नेणारे कोणी लागते. हे काम आपल्या तरुण शाखेने अंगावर घ्यावे. मी स्वतः दर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात विनामूल्य तपासणीस बसेन.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढेच पाहावे, की आपल्या घरात पंक्ती उठल्यावर एकटे कोण जेवते, आणि का. आत्याबाईंना मी तो प्रश्न विचारला नाही. आपण विचारावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.