दाताच्या गरातील आशा
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



विज्ञान व आरोग्य या विषयावर दोन शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. त्यासाठी आम्ही एक लहानशी वस्तू निवडली आहे : मुलाचा पडलेला दुधाचा दात. आपल्या निपाणी-बेळगावकडे तो कौलांवर फेकण्याची जुनी रीत आहे. शास्त्रज्ञ मात्र त्याकडे मोठ्या आशेने पाहत आहेत.

दाताच्या आत मऊ गर असतो. २००० साली अमेरिकेत ग्रोंथोस, शी आदी संशोधकांनी अक्कलदाढेच्या गरात मूळ पेशी असल्याचे दाखविले. २००३ साली त्या दुधाच्या दातांतही सापडल्या. मूळ पेशी म्हणजे अद्याप धंदा न ठरलेले पोर. जसे शिक्षण मिळेल तसे ते घडते. आईच्या उदरात हा गर ज्या पेशींपासून बनतो, त्याच घराण्यातून शरीरातील पुष्कळ मज्जातंतू जन्मतात. म्हणून योग्य द्रव्ये दिली असता गरातील पेशी मज्जापेशींचे गुण दाखवू लागतात.

२०१२ साली जपानच्या नागोया विद्यापीठात मज्जारज्जू तोडलेल्या उंदरांना मानवी दातांच्या पेशी दिल्या, तेव्हा त्यांच्या मागच्या पायांत काही हालचाल परतली. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठात उंदरांच्या दातांतील पेशींनी मेंदूतल्यासारखे जाळे विणले. परंतु त्या पूर्ण मज्जापेशी झाल्या नाहीत. आपली माणसेही या क्षेत्रात मागे नाहीत. पुण्याच्या पेशीविज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले डॉ. रमेश भोंडे व सहकारी यांनी २०१३ साली दाताच्या गरातील पेशींपासून इन्शुलीन देणारे पुंजके घडवून मधुमेही उंदरांची साखर ताब्यात आणली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उंदीर चालू लागला म्हणजे माणूस चालू लागला, असे होत नाही. घरात कोणाला अर्धांगवायू झाला, की ‘मूळ पेशींची सुई घ्या’ असे सांगणारा भेटतो आणि आईबहिणींचे दागिने गहाण पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ सालीच स्पष्ट केले, की नाळेच्या रक्ताखेरीज इतर पेशी पैसे घेऊन साठविण्यास परवानगी नाही. रक्ताचे काही विकार सोडले, तर असा उपचार मंजूर प्रयोगातच करावा आणि प्रयोगाचा खर्च रोग्यावर लादू नये. जो आधी पैसा मागतो, त्यास हा नियम दाखवावा.

ट्रस्टकडे येणारा जकातीचा पैसा गरिबाच्या हक्काचा आहे. तो अशा खोट्या आशेवर जाऊ नये, अशी आमची विश्वस्तांस नम्र विनंती आहे. मज्जारज्जू तुटलेल्याला आज व्यायामाची, चाकाच्या खुर्चीची व पाठीवर जखमा होऊ न देणाऱ्या सेवेची गरज असते. तिथे मदत करावी. तंबाखूच्या या पेठेत मिश्रीने दात गमावणाऱ्या बायाबापड्यांना वेळीच दंतवैद्याकडे पोचवावे. आणि जीवशास्त्राची आवड असलेल्या आपल्या एखाद्या मुलीला शिष्यवृत्ती द्यावी. पुढचा प्रयोग कदाचित तीच करील.