आपल्या शेजारच्या शाळेच्या नामवंत विद्यार्थिनी

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. संपादक मंडळाच्या आग्रहावरून थोडा नीटनेटका करून देत आहे.)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मसालेभाताचा वास इथपर्यंत आलाय, त्यामुळे मी चौदाच घेईन.

महिन्याभरापूर्वी कमिटीतली मुलं घरी आली. मुलं म्हणजे चाळिशीचीच आहेत, पण मला मुलंच. म्हणाली, "काकू, तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या. आपल्या शेजारी कर्व्यांची एवढी मोठी संस्था आहे. तिथून शिकून गेलेल्या नामवंत विद्यार्थिनींवर बोला. पोरांना प्रेरणा मिळेल." मी लगेच हो म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कुणी काम दिलं की तो नाही म्हणत नाही. वही घेतली, वर मथळा लिहिला, आणि पहिल्याच शब्दाला अडले. नामवंत. म्हणजे जिचं नाव आहे ती. आणि जसजशी वाचत गेले तसतसं लक्षात आलं की या शाळेतल्या मुलींचा खरा प्रश्न नावाचाच होता.

पण आधी शाळेबद्दल दोन शब्द. आपण सगळे पत्त्यात "कर्वेनगर" लिहितो, पण हे मूळचं हिंगणे बुद्रुक, पुण्याबाहेरचं एक खेडं. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, म्हणून गावाकडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. तो आधी पुण्यात होता. मग प्लेग आला. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा दिली आणि १९०० साली तिथे एक झोपडी उभी राहिली. ती झोपडी संस्थेनं अजून जपली आहे. सोसायटीत पाहुणे आले की आपण त्यांना सिंहगड दाखवतो, पानशेत दाखवतो. चालत जाण्याच्या अंतरावरची ही झोपडी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे, हात वर करायला सांगत नाही.

कॉलेजातलं शिकवणं संपलं की कर्वे पुण्याहून हिंगण्याला चालत यायचे. रस्ता धड नव्हता, पावसाळ्यात तर चिखलच. आपण ज्या रस्त्यावर रोज ट्रॅफिकला शिव्या देतो त्याच बाजूचा हा रस्ता, आणि त्याला नाव त्यांचंच आहे. १९१६ साली इथेच महिला विद्यापीठ सुरू झालं. शिकवायचं मराठीतून, मातृभाषेतून, हा त्यांचा आग्रह. १९२० साली ठाकरसी घराण्यानं पंधरा लाखांची देणगी दिली. आज मुंबईत जे एस.एन.डी.टी. विद्यापीठ आहे त्याचं मूळ इथलं.

आता नामवंत.

माझ्या वहीतलं पहिलं नाव इरावती कर्वे यांचं होतं. ते खोडावं लागलं. त्या कर्व्यांच्या सूनबाई खऱ्या, पण शाळा त्यांची हुजूरपागा. मीही इतकी वर्षं त्यांना हिंगण्याच्याच समजत होते. तेव्हा कुणाला "युगान्त"वर टाळ्या वाजवायच्या असतील तर जरूर वाजवा, पण त्या लक्ष्मी रोडच्या खात्यात जमा होतील.

पहिलं खरं नाव पार्वतीबाई आठवले यांचं. गोदूबाईंची ही धाकटी बहीण. जन्म १८७० सालचा, देवरूखचा. विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. केशवपन झालेलं. कर्व्यांच्या घरी आणि आश्रमात राहून त्या शिकल्या, तेव्हा वयाची पंचविशी उलटली होती. आपल्याकडे पस्तिशीतल्या बाईला मोबाइलवरून बिल भरायला शिकवायला गेलं तर ती म्हणते, आता या वयात काय! या बाईंनी त्या काळात पाटी धरली, आणि पुढे आश्रमासाठी पैसे गोळा करत गावोगाव हिंडल्या, सभांमधून बोलल्या. विधवा बाई चार पुरुषांसमोर उभी राहून बोलते, हेच लोकांना नवीन होतं. पुढे त्यांनी केशवपनही सोडलं. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं होतं आणि संस्थेसाठी मदत मिळवायची होती. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. तिथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. परत आल्या त्या पुन्हा संस्थेच्याच कामाला लागल्या. त्यांनी लिहिलेली "माझी कहाणी" १९२८ साली आली आणि दोनच वर्षांनी तिचं इंग्रजी भाषांतर निघालं.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या सोसायटीतल्या निम्म्या घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. माझाही आहे. आपण किती अभिमानानं सांगतो! पण हिंगण्यातून शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेला गेलेली बाई तिथे भांडी घासत होती, आणि तिला त्याची लाज नव्हती. आज आपल्या घरी येणाऱ्या मावशींशी बोलताना मला हे आठवतं. रोज आठवत नाही, खोटं कशाला बोलू. पण आठवतं.

दुसरं नाव सांगायच्या आधी एक कोडं घालते. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालती बेडेकर. यातली हिंगण्याची कोण?

(या वेळी समोरून दोन-तीन नावं आली.)

तिघीही. कारण तिघी एकच. १९०५ साली जन्मलेली घोडनदीची, म्हणजे शिरूरची, खरे मास्तरांची मुलगी. वडिलांनी मुलींना शिकायला हिंगण्याला ठेवलं. धाकट्या गावातला माणूस, पण मुलींना शिकवायचं म्हणजे शिकवायचंच. बाळूताई शाळा शिकल्या, महिला विद्यापीठाची पदवी घेतली. या विद्यापीठाला तेव्हा सरकारची मान्यता नव्हती. ती कायद्यानं मिळाली १९५१ साली. म्हणजे बाहेरच्या जगाच्या हिशेबात त्या पदवीला तेव्हा किंमत नव्हती. तरी मुली शिकत होत्या. बाळूताई पुढे कर्व्यांच्याच कन्याशाळेत शिकवायला लागल्या.

आणि १९३३ साली "कळ्यांचे निःश्वास" हे पुस्तक आलं. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या कथा. मुलीच्या पगारावर घर चालतं, म्हणून तिच्या लग्नाचं कुणी मनावर घेत नाही, अशा घरांतल्या कथा. पुण्यात गदारोळ उठला. बायका असा विचार करतात हे बाईनंच लिहावं! ही विभावरी आहे तरी कोण, याचा शोध सुरू झाला. शाळेतल्या बाईंनी टोपणनाव का घेतलं हे त्यावरून समजतं.

म्हणजे पाहा, या शाळेची सगळ्यांत नामवंत विद्यार्थिनी, आणि तिला स्वतःच्या नावानं बोलता आलं नाही. पण टोपणनावातही गाव मात्र तिनं सोडलं नाही. शिरूरकर.

पुढे त्यांनी सोलापूरला, सरकारनं ज्यांच्यावर गुन्हेगार जमाती असा शिक्का मारला होता त्यांच्या वसाहतीत काम केलं. त्या अनुभवातून "बळी" ही कादंबरी १९५० साली आली. लग्न विश्राम बेडेकरांशी, म्हणून मालती बेडेकर. वडिलांवर "खरेमास्तर" लिहिली. १९८१ साली मुंबईत समांतर साहित्य संमेलन झालं, त्याच्या त्या अध्यक्ष होत्या. २००१ साली गेल्या. आपली सोसायटी तेव्हा नुकतीच उभी राहिली होती, आणि इथल्या एकालाही माहीत नव्हतं की ही बाई आपल्या शेजारची. मी स्वतःला धरून बोलते आहे.

वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर ही आणखी दोन नावं. आश्रमात शिकायला आल्या आणि आश्रमाच्याच आधारस्तंभ झाल्या. त्यांच्यावर आज कुणी भाषण देत नाही, म्हणून निदान नावं घेते.

आता तिसरी विद्यार्थिनी. ती नामवंत नाही. ती माझी सासू.

जुन्या लोकांना त्या आठवत असतील. बी विंगच्या खाली बाकावर पांढऱ्या नऊवारीत बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलाला "पाढे म्हण" म्हणायच्या. कोकणातून मामांनी त्यांना हिंगण्याला आणून सोडलं, आई-वडील लवकर गेले म्हणून. सात वर्षं बोर्डिंगात होत्या. आम्ही इथे फ्लॅट घेतला तेव्हा त्या पहिल्यांदा बाल्कनीत उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इथून आंब्याची झाडं होती." बस, एवढंच. पण कुणी फार डोक्यावर बसायला लागलं की म्हणायच्या, "मी हिंगण्याची आहे, लक्षात ठेवा." आम्ही हसायचो. गावाचं नाव सांगतात असं वाटायचं.

त्या गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. तळाशी शाळा सोडल्याचा दाखला होता, चार घड्यांवर फाटलेला. माझ्या मुलानं हातात घेतला, वाचला आणि विचारलं, "आई, ही कोण?"

त्याला आजीचं नाव ओळखू आलं नाही. येणार कसं? दाखल्यावर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. ते नाव आमच्या घरात पन्नास वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. मलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. एवढी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, त्यांचं बी.पी.चं औषध दिलं, आणि त्या बाईचं नाव मला त्या गेल्यावर कळलं. शाळेच्या रजिस्टरमध्ये मात्र ते असेल. हजेरीला रोज कुणीतरी ते नाव हाकारलं असेल आणि त्या "हजर" म्हणाल्या असतील.

मला वाटतं, या शाळेनं मुलींना सगळ्यात आधी हेच दिलं. कुणाची विधवा, कुणाची भाची, कुणाची जबाबदारी म्हणून आलेल्या मुलीला रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावाची एक ओळ दिली. त्यातल्या दोन-चार नावांचं पुढे मोठं झालं. बाकीची नावं घराघरांतून विरून गेली. पण "मी हिंगण्याची" हे वाक्य त्यांनी जपून ठेवलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि मग जेवू.

आज सकाळी आपल्या जिन्याजवळ संगमरवरी फलकाचं अनावरण झालं. "संस्थापक सभासद." छान झालाय. चोवीस नावं आहेत. मी मोजली, बँकेची सवय. त्यातली बावीस पुरुषांची आहेत. कमिटीची चूक नाही. शेअर सर्टिफिकेटवर जे पहिलं नाव तेच फलकावर आलं. नियमाप्रमाणे पहिलं नाव सभासदाचं, दुसरं सहसभासदाचं, आणि मतही आधी पहिल्याचं, तो नसेल तरच दुसऱ्याचं. माझं दुसरं आहे. फ्लॅटचं कर्ज माझ्या बँकेच्या स्टाफ लोनचं होतं, पंधरा वर्षं हप्ता माझ्या पगारातून कापला जात होता. तेव्हा फॉर्म भरताना हे म्हणाले, "पहिलं नाव कुणाचं टाकू?" आणि मीच म्हणाले, "तुमचं टाका, बरं दिसतं." आज ह्यांच्या नावाकडे बघून मला आनंदच झाला. ते असते तर आणखी झाला असता. पण मनात आलं, उद्या माझी नात अमेरिकेहून येईल, फलक वाचेल, आणि आजी कुठे म्हणून विचारेल.

माझ्या घराचं सोडा. ए विंगमधल्या आपल्या शिक्षिका बाई आहेत, पहिली तीन वर्षं सोसायटीचे हिशेब त्यांनी लिहिले. टँकरच्या दिवसांत पहाटे चारला उठून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या वहिनी आहेत. कन्व्हेयन्ससाठी रजिस्ट्रार ऑफिसच्या चकरा मारणाऱ्या तिघी आहेत. यातली एकही फलकावर नाही.

फलक बदला असं मी म्हणत नाही, संगमरवर महाग आहे. त्याच्या खाली एक हात जागा मोकळी आहे. तिथे दुसरा छोटा फलक लावावा, आणि त्यावर प्रत्येक घरातलं दुसरं नाव लिहावं. ज्यांना हवं त्यांनी माहेरच्या नावासकट द्यावं. खर्चाचा पहिला हजार माझा, आत्ताच खजिनदारांकडे देते. बाकी पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घ्या. मी तिथेही बोलेन, बोलायला बंदी नाही.

नामवंत विद्यार्थिनींवर बोलायला सांगितलं होतं. दोघींवर बोलले, तिसरी घरची घुसवली. चालवून घ्या.

आणि हो, माझ्या सासूबाईंचं दाखल्यावरचं नाव होतं सुमती. फलकावर त्यांचं नाव येणार नाही, त्या कधीच सभासद नव्हत्या. म्हणून इथे माइकवर घेतलं.

चला, पानं मांडली आहेत.