पत्रांचे रुमाल

मी इतिहासाचा माणूस. जुनी पत्रे वाचणे आणि मुलांना ती वाचायला लावणे, यातच माझी वर्षे गेली. तेव्हा आज मी ई-मेलच्या पेटीवर बोलणार, असे कळताच आमच्या स्टाफरूममध्ये थोडा हशा पिकला. "सर, मोडीतून एकदम मेलवर?" असे एकाने विचारलेही. पण खरे सांगू का, प्रश्न जुनाच आहे. पत्र येते. ते जपून ठेवावे लागते. आणि ज्या दिवशी त्याची गरज पडेल, त्या दिवशी ते हाती लागावे लागते. यातले पहिले काम सोपे, दुसरे मध्यम, आणि तिसरे फार अवघड.

एक प्रसंग सांगतो. एटापल्लीच्या पलीकडल्या एका गावचा माझा जुना विद्यार्थी आज तिथल्या ग्रामसभेचे लिहिण्या-वाचण्याचे काम पाहतो. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात त्यांच्या जंगलाचा काही भाग उपविभागीय समितीने वगळला. २००६ च्या वनहक्क कायद्यात अशा निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे दाद मागायला साठ दिवसांची मुदत आहे. पोराने मुदतीत मेल पाठविला, पोच आली, सगळे रीतसर झाले. पुढे सुनावणीच्या दिवशी त्याला विचारण्यात आले, "अर्ज मुदतीत केला होता, हे दाखवा." त्याने खिशातून फोन काढला. फोनमध्ये फक्त शेवटच्या महिन्याची पत्रे होती. त्यामागची हवी असतील तर नेटवर्क पाहिजे. आणि बाहेर आषाढ कोसळत होता, नेटवर्क सकाळपासूनच गेलेले. सुनावणी पुढे ढकलली गेली. ऐन रोवणीचे दोन दिवस बुडाले. परत जाताना तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पत्र होतं, तारीख होती, फक्त आमच्याजवळ नव्हती."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आपली पत्रे आपल्याजवळ असणे म्हणजे नेमके काय? पत्रांची पेटी सांभाळणारी यंत्रणा कशी बांधावी, म्हणजे पर्लकोटेला पूर आला, वीज गेली, टॉवर बंद पडला, तरी साठ दिवसांचा हिशेब दाखविता येईल? आमच्या कॉलेजातल्या संगणकाच्या दोन पोरांना घेऊन मी या गोष्टीचा थोडा अभ्यास केला. त्यातले जे मला समजले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम ठेवण्याची गोष्ट. पुण्याचे पेशवे दफ्तर आपण ऐकून आहात. तिथे कागद रुमालात बांधून ठेवलेले. हजारो रुमाल, आणि त्यांत मोडीचे असंख्य कागद. गोविंद सखाराम सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड बाहेर काढले. त्यांची एक मोठी अडचण तारखेची होती. कित्येक पत्रांवर चंद्राची तारीख आणि महिना असतो, साल नसते. मग आतल्या मजकुरावरून, कोण कुठे मुक्कामी होते यावरून, साल ताडायचे. ई-मेलने हा घोर मिटविला. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तारीख, वेळ, पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि बहुधा त्या पत्राचा स्वतःचा असा एक ओळखक्रमांकही असतो. पण तो कागद मूळ रूपात आपल्याजवळ राहिला, तरच त्याचा उपयोग.

पूर्वी पुष्कळ यंत्रांत सगळी पत्रे एकाच लांबलचक वहीत एकाखाली एक लिहीत. पत्र लिहिता लिहिता वीज गेली, की वहीचे शेवटचे पान अर्धवट, आणि कधी सारी वहीच बिघडे. १९९५ च्या सुमारास डॅनियल बर्नस्टाइन यांनी 'मेलडिर' नावाची निराळी रीत घातली. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल, आणि तीन खण. येणारे पत्र आधी कच्च्या खणात पूर्ण लिहायचे. शेवटचे अक्षर उमटले, की मगच ते 'नवे' या खणात सरकवायचे. आणि वाचणाऱ्याने हाती घेतले, की तिसऱ्या खणात. वीज गेलीच, तर कच्च्या खणातला एखादा अर्धा कागद टाकून द्यावा लागेल; बाकीच्यांना धक्का नाही. दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या गावाला ही रीत मोलाची आहे.

आता दुसरी गोष्ट, कप्प्यांची. रुमालाचा दोष असा, की एक कागद एकाच रुमालात बसतो. समजा, ग्रामसभेला एक पत्र आले. त्यात बांबूची वाहतूक आहे, वनहक्काचा दावा आहे आणि सुनावणीची तारीखही आहे. ते कोणत्या रुमालात बांधायचे? बांबूच्या बांधले, तर दावा शोधणाऱ्याला सापडणार नाही. म्हणून कप्प्याऐवजी चिठ्ठी लावावी. पत्र एकाच जागी. त्याला चिठ्ठ्या मात्र तीन, चार, हव्या तितक्या. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी निघाले, तेव्हा त्यांनी कप्प्यांच्या जागी अशा चिठ्ठ्याच दिल्या, आणि ही कल्पना घरोघर पोचली. पुढे २००९ साली कार्ल वर्थ यांनी 'नॉटमच' हा मोफत प्रोग्रॅम सुरू केला. त्याचा मला आवडलेला नियम असा, की मूळ पत्रातल्या मजकुराला बोट लावायचे नाही. चिठ्ठ्या आणि सूची यांची वही वेगळी. आम्हा इतिहासवाल्यांचाही हाच धर्म आहे, नाही का? अस्सल कागदावर कुणी शेरे मारीत नाही.

तिसरी गोष्ट सूचीची. दहा हजार पत्रांत 'तेंदू' हा शब्द कुठे आहे, हे पाहायला यंत्र दर वेळी दहा हजार पत्रे वाचीत बसत नाही. त्याने आधीच एक वही करून ठेवलेली असते. शब्द 'तेंदू': पत्र क्रमांक ४, १९, २१२. शब्द 'सुनावणी': पत्र क्रमांक १९, ८८. आता दोन्ही शब्द असलेले पत्र हवे, तर दोन ओळी ताडून पाहायच्या, उत्तर १९. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तीच ही. आपला पिनकोडही याच जातीचा. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने तो योजिला आणि १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. चंद्रपूरचा ४४२४०१, गडचिरोलीचा ४४२६०५. पहिले आकडे पाहूनच टपाल कुठल्या दिशेला काढायचे ते कळते. सारा पत्ता वाचावा लागत नाही.

पण मराठीची सूची करणे इंग्रजीइतके सोपे नाही, हे आम्हाला लवकरच कळले. आमच्या पोरांनी 'मोहफूल' शोधले, तर 'मोहफुलांचा' असलेले पत्र सापडेना. कारण फूलमधला ऊ दीर्घ, फुलांमधला उ ऱ्हस्व. 'पाणी' शोधा, 'पाण्याचा' निसटतो. आपल्या भाषेत शब्द विभक्ती लागताना आतून बदलतो, आणि यंत्राला ते शिकवावे लागते. दुसरी गंमत त्याहून अवघड. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला अर्धा र यंत्राच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डने एक तऱ्हा, दुसऱ्याने दुसरी. ऐकायला फरक नाही, पाहायला फरक नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. म्हणून सूचीत घालण्यापूर्वी सगळे शब्द एकाच वळणावर आणावे लागतात, आणि शोधणाऱ्याचा शब्दही त्याच वळणावर. शिवाय फोटो काढून जोडलेला कागद आला, तर यंत्राला ते नुसते चित्र. त्याला चिठ्ठी माणसानेच लावावी.

इथे एक मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सूची बिघडली, तर पत्रे पुन्हा वाचून यंत्र रातोरात नवी करील. पण चिठ्ठ्या माणसाच्या विचाराने लावलेल्या असतात. त्या गेल्या, की गेल्या. म्हणून पत्रांच्या जोडीला चिठ्ठ्यांची नक्कल, तीही साध्या मजकुराच्या रूपात, नेमाने काढून ठेवावी.

आता चौथी आणि सर्वांत नाजूक गोष्ट: दोन ठिकाणच्या वह्यांचा मेळ. पत्रे दूरच्या यंत्रावर ठेवून अनेक ठिकाणांहून पाहता यावीत, यासाठी मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डला 'आयमॅप' या रीतीचा पाया घातला. पण गावातल्या यंत्रावर पूर्ण नक्कल असावी, नेटवर्क नसताना काम चालावे, आणि नेटवर्क आले की दोन्हीकडचे बदल जुळावेत, ही आपली गरज. ती कशी भागवायची?

समजा, एका पत्रावर 'उत्तर बाकी' ही चिठ्ठी आहे. गावात पोराने उत्तर लिहिले आणि ती काढून टाकली. इकडे आमच्या कॉलेजात, हे ठाऊक नसताना, कुणी त्याच पत्राला 'सुनावणी' ही चिठ्ठी जोडली. आठ दिवसांनी नेटवर्क आले. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या नुसत्या एकत्र केल्या, तर काढलेली 'उत्तर बाकी' भुतासारखी परत येईल. ज्याने शेवटी बदल केला त्याचेच खरे मानावे, तर दुसऱ्याचे काम पुसले जाईल. आणि दोन यंत्रांची घड्याळे सारखी चालतात, याची तरी खात्री कुणी द्यावी?

उपाय तेंदूच्या फळीवर पाहायला मिळतो. ७० पानांचे एक पुडके, आणि १००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी. पाने आणणाऱ्या बाईच्या हाती कार्ड असते, मुन्शीजवळ वही. दोघांचा आकडा जुळेना, तर शहाणा मुन्शी काय करतो? मागच्या जुळलेल्या ओळीपर्यंत जातो, आणि तिथून पुढे काय काय वाढले ते दोन्हीकडे तपासतो. यंत्रानेही तेच करावे. दोघांचे शेवटचे एकमत कशावर झाले होते, याची तिसरी नोंद ठेवावी. त्या नोंदीशी ताडले, म्हणजे गावाने 'उत्तर बाकी' काढली आणि कॉलेजाने 'सुनावणी' जोडली, हे दोन्ही बदल स्पष्ट दिसतात. दोन्ही लावून टाकायचे. भांडण उरत नाही. एकच खरा पेच राहतो. एकाने पत्रच काढून टाकले आणि दुसऱ्याने त्यावर चिठ्ठी लावली, तर? तिथे नियम असा असावा, की पत्र राहील. नको असलेला कागद दोन दिवस जास्त राहिला, तर काही बिघडत नाही. हवा असलेला गेला, तर साठ दिवसांची मुदत जाते.

श्रोतेहो, शेवटचा मुद्दा यंत्राचा नाही, माणसाचा आहे. ही पेटी कुणाची? आमच्या त्या गावात सगळा पत्रव्यवहार एका पोराच्या खासगी पत्त्यावर चालला होता. उद्या तो नोकरीला पुण्याला गेला, तर गावाच्या दाव्याचा इतिहासही त्याच्या खिशात बसून पुण्याला जाणार. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हक्काचा कागद व्यक्तीच्या नव्हे, सभेच्या हाती असणे याला अर्थ आहे. तोच न्याय पत्रांच्या पेटीला लागू करावा. पत्ता ग्रामसभेच्या नावाचा असावा, त्याची किल्ली सभेने ठरविलेल्या दोघा-तिघांजवळ असावी, आणि एक नक्कल गावातच, सभेच्या पेटीत असावी.

आमच्या पोरांनी त्या गावासाठी एक जुना संगणक दुरुस्त केला आणि त्यावर ही सारी व्यवस्था बसविली. चिठ्ठ्यांची नावे गावानेच ठरविली: दावा, बांबू, तेंदू, सुनावणी, उत्तर बाकी. परवा तो विद्यार्थी पुन्हा भेटला. म्हणाला, "सर, मागच्या आठवड्यात पाच दिवस नेटवर्क नव्हतं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, आपला अर्ज कोणत्या तारखेला गेला होता रे? मी जागच्या जागी सांगितलं."

"मग म्हातारा काय म्हणाला?" मी विचारले.

"म्हणाला, कागदावर काढून दे. मी काढून दिला. त्यानं घडी करून कनवटीला लावला."

ही चौथी नक्कल. आमच्या हिशेबात ती नव्हती. पण तीही असावी, असे आता मला वाटते.